कितीजण आणि तिसऱ्या मजल्याचं बाकडं

हसू नका, पण आमच्या भाचजावयाला मी पहिल्यांदा बघितलं ते मीटरवाला म्हणून.

दुपारची वेळ होती. दार वाजलं. उघडलं तर एक लुकडासा उंच माणूस. खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल, हातात चिमट्याचा पॅड. "नमस्कार, मी..." एवढंच तो म्हणाला आणि मी सुरूच झाले. "या, या! दोन महिने झाले तुमची वाट बघतेय. अंदाजाने बिलं पाठवता होय? मी काय इथे गिरणी चालवते?" आणि त्याला धरून दाराच्या मागे मीटरपाशी उभा केला. स्टूल दिलं. बॅटरी दिली. आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अहो बाई, मी तो नव्हे. हा मुकाट स्टुलावर चढला, काचेवरची धूळ रुमालाने पुसली, आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि मला सांगितला. वर म्हणाला, "शेवटचं चाक अजून फिरतंय. फ्रिज चालू आहे का?"

तेवढ्यात भाची जिना चढून आली, धापा टाकत. "मावशी, हा बघ, मी सांगत होते ना, तो हाच... अरे, तू स्टुलावर काय करतोयस?"

"यांनी आकडा विचारला," तो म्हणाला.

संध्याकाळी मी बहिणीला फोन लावला. म्हटलं, "पोरगा गरीब आहे गं, पण वरचा मजला रिकामा दिसतो. संसार काय करणार तो, कपाळ!" माझी ही भविष्यवाणी बहिणीने जपून ठेवली आहे. दर भेटीत एकदा ऐकवते.

लग्न झालं आणि दोघं आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायला आली. मी चौथ्यावर. म्हणजे माझ्या डोक्यावरच येऊन बसली म्हणा ना. समोर मी त्याला रीतसर "जावईबापू, तुम्ही" करते. पाठीमागे मात्र तो नुसता तो, आणि त्याचं नाव कितीजण.

हे नाव मीच ठेवलं. त्याला कारण त्याची ती सवय. त्याच्यासमोर "सगळे", "कोणीच", "जो तो" असले शब्द काढायची सोय नाही. एकदा चहा ओतता ओतता मी सहज म्हटलं, "आजकालची मुलं चहा पीतच नाहीत."

"किती जणांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? दिसतं ना डोळ्यांना."

"म्हणजे किती जण दिसले?"

मी वैतागून म्हटलं, "दोन दिसले. तुम्ही आणि ही."

"आम्ही दोघंही पितो," तो म्हणाला आणि कप पुढे केला.

त्याचं पोटापाण्याचं कामच हे. बुटांच्या कारखान्यात लोकांची मतं गोळा करायचं खातं आहे, तिथे तो असतो. मी एकदा बघून आले. लांबलचक खोली, मधे एक जुना गालिचा, आणि भिंतभर फळ्यांवर बूटच बूट, पण सगळे डाव्या पायाचे! उजवे करतच नाहीत, नमुन्याला एक पुरतो म्हणे. लोक येतात, डाव्या पायात नवा बूट आणि उजव्या पायात स्वतःची चप्पल घालून गालिच्यावरून चालतात. दिवसभर बघावं तेव्हा चारपाच माणसं लंगडतायत. आणि आमचा कितीजण त्यांच्या शेजारून चालत विचारतोय, "लेस बरी वाटते की पट्टा?" मग तरुणांची उत्तरं एकीकडे, वयस्करांची एकीकडे, आणि दोघांच्या मतात फरक आहे का याचा हिशेब.

मी म्हटलं, "त्यात हिशेब कसला? तरुण शंभरातले साठ पट्टा म्हणाले, म्हातारे शंभरातले सत्तर म्हणाले. झाला की फरक!"

"फरक दिसतोच मावशी. तुम्ही वीसदा नाणं उडवा, मी वीसदा उडवतो. तुमचे छापे अकरा पडतील, माझे आठ. म्हणून तुमचा हात वेगळा आणि माझा वेगळा असं होतं का? जो फरक दिसला तो नुसत्या नशिबाने पडण्याएवढा आहे की त्याच्या पलीकडचा, हे बघायचं. दोन प्रमाणांची चाचणी म्हणतात तिला."

"आणि एवढ्याचा पगार देतात?"

"देतात."

"किती जणांना?" मी विचारलं. तो खरंच मोजायला लागला.

असो. मला सांगायचंय ते बाकड्याचं.

आमच्या सोसायटीच्या तीन इमारती, तिन्ही पाचपाच मजल्यांच्या, आणि लिफ्ट एकीलाही नाही. प्रत्येक जिन्यात तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकीखाली एक लाकडी बाकडं. आमच्या बाकड्याचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पत्र्याची घडी. बसलं की आधी डावीकडे कलतं आणि मग सावरतं. येणारंजाणारं कोणी ना कोणी तिथे टेकलेलं असायचं. मीसुद्धा बसते, पण ते वेगळं. दमून नव्हे. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मी बसते ती शिंपीकाकांशी चार शब्द बोलायला. बिचारे एकटे असतात, बरं दिसत नाही तसंच पुढे जाणं. कितीजणला मी हे कितीदा सांगितलं. तो नुसतं "हं" म्हणायचा. त्याचं ते "हं" मला मुळीच आवडत नाही.

शिंपीकाका पाचव्या मजल्यावर राहतात, भाचीच्या शेजारी. कोपऱ्यावर त्यांचं कपडे दुरुस्त करण्याचं काम, म्हणजे पँट आखूड करा, चेन बदला, अस्तर लावा. सकाळी जातात, एक वाजता मशीन झाकून परत येतात, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत आले की छातीचा भाता होतो. मग बाकडं. दम परत आला की वर जाऊन जेवतात, आणि हातशिलाई घेऊन पुन्हा दोन मजले उतरून बाकड्यावर. खिडकीचा उजेड चांगला, आणि माणसं दिसतात. अख्ख्या जिन्याची सैल बटणं त्यांना पाठ. "वहिनी, दुसरं बटण लोंबतंय, काढा इकडे," असं म्हणत सुई ओवूनच बसलेले.

आणि एके दिवशी सोसायटीच्या सूचनांच्या फळ्यावर कागद लागला. "तरुण पिढीच्या मागणीवरून तिन्ही जिन्यांतली बाकडी काढून तिथे पार्सलची कपाटं बसवण्यात येतील. रविवारी सभा. सेक्रेटरी."

हे सेक्रेटरी राहतात पहिल्या मजल्यावर. जिना म्हणून त्यांना ठाऊक तो एवढाच.

कागद वाचून आलेल्या शिंपीकाकांनी बाकड्यावर बसून हातातली शिलाई पुरी केली. धागा तोडला, सुई पिनेच्या उशीत खोचली. मग म्हणाले, "मुलगा कधीचा म्हणतोय, बाबा, माझ्याकडे या, तळमजला आहे. आता जावंच लागेल. मधे टेकल्याशिवाय मला वर पोचता येत नाही, हे काय लपलंय?"

"मग जा की, मुलगाच आहे," भाची म्हणाली. पोरगी भोळी.

"तिथे काय करू? सुनेच्या पडद्यांना चुण्या घालू? इथे माझं मशीन आहे, गिऱ्हाईक आहे. तिथे मी नुसता सोफ्यावरचा सासरा."

मी म्हटलं, "मी भांडते ना सेक्रेटरीशी! काकांसाठी ठेवायलाच पाहिजे म्हणते."

त्यावर काका ताठ झाले. "नाही वहिनी. माझ्या एकट्यासाठी ठेवणार असाल तर नको. दयेच्या बाकड्यावर मी बसणार नाही. इमारतीला हवं असेल तर राहू दे, नसेल तर नेऊ दे."

झालं! आली का पंचाईत? एक तर इमारतीला बाकडं हवंय हे दिसायला हवं, नाहीतर काकांनी गाठोडं बांधायचं.

कितीजण त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावर जाऊन उभा. मीही गेले, मजा बघायला.

"तरुण पिढीची मागणी आहे म्हणता. किती जण?"

"सगळे!" सेक्रेटरी म्हणाले.

"किती जणांना विचारलंत?"

"माझ्या मुलाला विचारलं ना. तो तरुणच आहे."

"तो कुठे राहतो?"

"कुठे म्हणजे? माझ्याकडे!"

"पहिल्या मजल्यावर," कितीजण म्हणाला, शांतपणे. सेक्रेटरींचं नाक लाल झालं. "मग तुम्ही विचारा! तुमचं कामच आहे ना लोकांना छळायचं? तरुणांचं वेगळं, म्हाताऱ्यांचं वेगळं मांडा. निम्म्यांनी जरी ठेवा म्हटलं तरी ठेवतो. पण कमी भरले तर उचलणार!"

ठरलं. तिन्ही इमारतींत तिसऱ्यापासून वर राहणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या. पस्तिशीच्या आतले एका बुटाच्या खोक्यात, पंचावन्नच्या वरचे दुसऱ्यात. माझी चिठ्ठी तो दुसऱ्यात टाकायला निघाला.

"ओ जावईबापू! मला कुठे कोंबताय?"

"पंचावन्नच्या वर."

"मी काय म्हातारी आहे?"

"मी म्हातारी कुठे म्हटलं? वर म्हटलं." मग जरा विचार करून त्याने चिठ्ठी बाजूलाच ठेवली. "नाहीतरी विचारणाऱ्याने स्वतः उत्तर द्यायचं नसतं. तुम्ही विचारायला मदत करणार ना?"

करणार म्हणजे काय? मला लोकांना प्रश्न विचारायला कोणी सांगावं, ह्याची मी जन्मभर वाट बघत होते. खोक्यांतून चाळीस तरुण आणि चाळीस वयस्कर न बघता काढले. तरुण भाचीने घेतले, वयस्कर मी. प्रश्न एकच, "बाकडं ठेवायचं की काढायचं?" पुढे मागे काही बोलायचं नाही, अशी मला खास ताकीद. "आणि मावशी, डोळे मोठे करायचे नाहीत."

चार दिवसांत उत्तरं आली. शुक्रवारी संध्याकाळी सगळे बाकड्यापाशीच जमलो. सेक्रेटरींना निरोप धाडला होता. ते आले, पण येईपर्यंत त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा. "थांबा... आधी... जरा बसू द्या," म्हणाले आणि धपकन बाकड्यावर बसले. बाकडं डावीकडे कललं, सावरलं.

कितीजणने वाचून दाखवलं. वयस्कर, चाळीसपैकी बत्तीस म्हणाले ठेवा. तरुण, चाळीसपैकी फक्त सात.

"सात?" माझा आवाज फाटला.

"सात. एवढा फरक नशिबाने पडत नाही. दहा लाखांत एकदाही पडायचा नाही."

सेक्रेटरींना एव्हाना दम परत आला होता. त्यांनी बोटं मोजली. "बत्तीस आणि सात, एकोणचाळीस. ऐंशीतले! निम्म्याला एक कमी!" ते टुणकन उठले, बाकड्यावर थाप मारली, "अडगळ आहे ही नुसती!" म्हणाले, आणि शीळ घालत जिना उतरले.

शिंपीकाकांनी दोरा गुंडाळायला घेतला. एका माणसाने! एका माणसाने इकडची तिकडे मान हलवली असती तर!

"अहो, एकाचं उत्तर बदला की," मी कितीजणच्या कानात म्हटलं. "कोणाला कळतंय?"

त्याने ऐकलंच नाही. तो जिन्याकडे बघत होता, सेक्रेटरी गेले त्या दिशेला. मग वळून म्हणाला, "चढून आले तेव्हा ते बसले. उतरताना अडगळ म्हणाले. मावशी, तुम्ही लोकांना कुठे गाठलंत?"

"कुठे म्हणजे? जिन्यातच. तीच बरी जागा. संध्याकाळी सगळे बाजारातून, फिरून परत येतात, तेव्हा प्रत्येक जिन्याच्या ह्याच वळणावर उभी राहायचे. हातात पिशव्या असल्या की माणूस पळून जात नाही."

"म्हणजे चढताना." तो भाचीकडे वळला. "आणि तू?"

"मी सकाळी," भाची म्हणाली. "कामाला निघायची सगळ्यांची वेळ एकच. उतरता उतरता विचारायचे. धाडधाड उतरतात रे, मी मागून पळत."

कितीजणने पॅड खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"आता काय झालं?" आम्ही दोघी एकदमच.

"तुम्ही म्हाताऱ्यांना धापा टाकताना विचारलंत आणि हिने तरुणांना घाईत उतरताना विचारलं. हा फरक वयाचा की जिन्याचा, हे आता देवालासुद्धा सांगता येणार नाही!"

मग काय, आमची जुंपली. मी म्हटलं, "मी म्हणतच होते, पोरीने धावत कसले प्रश्न विचारायचे ते!" भाची म्हणाली, "आणि तू मावशी, हातात पिशवी असलेल्या माणसाला अडवून धरत होतीस, ते?" "मी प्रेमाने अडवत होते!" "चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची दुधाची पिशवी काखेत धरून ठेवली होतीस तू!" शिंपीकाका मधे पडले म्हणून बरं.

सगळं पुन्हा करायचं ठरलं. नव्या चिठ्ठ्या, नवी ऐंशी माणसं. पण ह्या वेळी दोन्ही गटांतली निम्मी चढताना विचारायची आणि निम्मी उतरताना, कोण कसं हेही चिठ्ठी काढूनच. सेक्रेटरींनी सभा आठवडाभर पुढे ढकलली, पण आता शेवटचा निकाल सभेत हात वर करूनच, असं बजावून, आणि अशा तोऱ्यात, की जणू वरात निघायला उशीर होतोय.

तो आठवडा मी काय भोगलं ते मला माहीत. म्हातारी माणसं उतरतात कधी आणि तरुण चढतात कधी, ह्याचा काही धरबंधच नाही. एका आजींची चिठ्ठी उतरताना विचारायची निघाली. त्या उतरतात त्या दात दुखला तरच, डॉक्टरला दाखवायला. मी तीन दिवस त्यांच्या दाताची विचारपूस करत होते. शेवटी दुखला बाई एकदाचा! मला इतका आनंद झाला, की आजी माझ्याकडे बघतच राहिल्या.

सभेच्या आदल्या दिवशी कितीजणला आणखी एक शंका. "सभा तळमजल्यावर आहे. म्हणजे हात वर करायच्या वेळी सगळे उतरून आलेले असणार."

"मग गच्चीवर घ्यायला लावू या!" भाची टाळी वाजवून म्हणाली. "पाच मजले चढून आले की सगळे म्हणतील ठेवा. काका वाचले!"

"गच्चीवर घेतली तर ती लबाडी."

"असू दे की लबाडी! काकांना घालवायचंय का तुला?"

त्याचा चेहरा पडला. काकांवर त्याचाही जीव. लग्नातल्या कोटाच्या बाह्या काकांनीच वाढवून दिल्या होत्या. पण मान काही हलेना. आणि काय सांगू, काकाच म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. कापड ताणून माप भरवलं तर पहिल्या धुण्यात आखडतं. होऊ द्या तळमजल्यावर." भाची पाय आपटत वर गेली. मीसुद्धा त्या रात्रीपुरतं त्याला मनातल्या मनात पुन्हा मीटरवाला करून टाकलं.

रविवारी तळमजल्यावर सायकली बाजूला सारून खुर्च्या मांडल्या. कितीजण उभा राहिला. वयस्कर, चाळीसपैकी सत्तावीस म्हणाले ठेवा. तरुण, चाळीसपैकी चोवीस.

सेक्रेटरी उडी मारून उठले. "बघा! तरुणांना कमीच हवंय! मी काय म्हणत होतो?"

कितीजणने शिंपीकाकांकडे हात केला. काकांनी बटणांचा डबा पुढे सरकवला. एक्कावन्न पांढरी, एकोणतीस काळी, मोजून ठेवलेली. कितीजण म्हणाला, "पांढरं म्हणजे ठेवा, काळं म्हणजे काढा. उत्तरं आली तेवढीच आहेत. आता वयबिय विसरा. सेक्रेटरीसाहेब, डोळे मिटून ह्यातली चाळीस एका खोक्यात काढा. उरतील ती दुसऱ्यात."

सेक्रेटरींनी डोळे मिटले. तोंड असं केलं, की जणू डब्यात विंचू आहे. चाळीस झाली. मोजली तर एका खोक्यात पांढरी अठ्ठावीस, दुसऱ्यात तेवीस.

"पाचाचा फरक," कितीजण म्हणाला. "ह्या खोक्यातली बटणं म्हातारी आहेत का?"

पहिल्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं.

"पुन्हा काढा."

पंचवीस आणि सव्वीस. पुन्हा काढली, चोवीस आणि सत्तावीस. बरोब्बर आमचीच उत्तरं, आणि तीही मिटल्या डोळ्यांनी!

"म्हणजे तरुण-म्हाताऱ्यांत फरक नाही असंच ना?" मी मागून ओरडले. मला राहवतंय कुठे?

"तसं नाही मावशी. फरक नाहीच असं मी म्हणत नाही. फरक आहे असं म्हणायला ह्या उत्तरांत आधार नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आहे की नाही ते एकदा सांगा!"

"माहीत नाही."

"मग शिकलात कशाला एवढं?"

"माहीत नाही असं कधी म्हणायचं ते कळायला." आणि मग त्याने कागद उलटला. "आता हेच ऐंशी लोक दुसऱ्या तऱ्हेने मांडतो. चढताना विचारलेले चाळीस, त्यातले चौतीस म्हणाले ठेवा. उतरताना विचारलेले चाळीस, त्यातले सतरा. आता ह्या बटणांतून चौतीस आणि सतरा काढून दाखवा."

सेक्रेटरींनी काढली. सत्तावीस-चोवीस. पुन्हा. तेवीस-अठ्ठावीस. त्यांच्या मुलाने बाह्या सरसावल्या, "बाबा, सरका!" त्याचीही पंचवीस-सव्वीस. मग जो तो उठून डब्यात हात घालायला लागला. एका बाईंची तीस-एकवीस आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण चौतीस काही कोणाच्या हाताला लागेना.

"नशिबाने हे पडत नाही," कितीजण म्हणाला. "तेव्हा सोसायटीत भांडण असेल तर ते तरुण आणि म्हातारे यांचं नाही. चढणारे आणि उतरणारे यांचं आहे."

डब्यात घातलेले हात बाहेर आले. मग सेक्रेटरी म्हणाले, "बरं, मग उतरणाऱ्यांच्या मताला काही किंमत नाही का?"

"आहे ना. पण सकाळी उतरलेला माणूस संध्याकाळी चढतो. किती जण उतरून पुन्हा कधीच चढले नाहीत, सांगता?"

मागून त्यांचाच मुलगा म्हणाला, "बाबा, मी तिसऱ्यावर मित्राकडे जातो तेव्हा बसतो तिथे. राहू दे की." सेक्रेटरींनी त्याच्याकडे असं बघितलं, की दुसऱ्या दिवशी त्या पोराला डबा मिळाला असेल की नाही, कोण जाणे.

हात वर झाले. ऐंशीतल्या एक्कावन्नांनी ठेवा म्हटलेलंच होतं, आता समोर हातांचं रान उभं राहिलं. पार्सलची कपाटं जिन्यांखाली ठेवायचं ठरलं, आमच्याकडे जिथे सेक्रेटरींचा मोडका सोफा तीन वर्षं झोपला होता. मी आनंदाने म्हटलं, "सगळ्यांनी हात वर केले!" आणि शेजारून लगेच, "सगळ्यांनी नाही मावशी. नऊ जण खाली आहेत." अशा वेळी चिमटा काढावासा वाटतो की नाही?

शिंपीकाका डब्यात बटणं भरत होते, काळी वेगळी, पांढरी वेगळी. झाकण लावता लावता म्हणाले, "चौतीस! म्हणजे मी एकटा नव्हतो दमणारा." आणि त्यांनी नाक पुसलं. मुलाला त्याच दिवशी फोन केला. "नाही रे बाबा, आत्ता कसा येऊ? इथे बाकड्यावर काम आहे."

परवाची गोष्ट. पाचाच्या सुमाराला मी भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले आणि टेकले. शिंपीकाका शेजारी, एका पँटची घडी उसवत. वरून कितीजण उतरला. कानावर पेन्सिल आहेच.

"मावशी, एक राहिलंय. विचारणाऱ्यांची मतं घ्यायची राहिली. ही म्हणाली ठेवा. तुमचं काय?"

"माझं कशाला? मला बाकड्याची गरजच काय? मी कुठे दमते?"

"मग आत्ता बसलाय ती कशाला?"

"काकांशी बोलायला! शंभरदा सांगितलं तुम्हाला. माणुसकी असते काही. गुडघे ठणठणीत आहेत माझे."

"हं," तो म्हणाला.

"हं काय, हं? विचारा काकांना! बोलते की नाही मी?"

"बोलता. रोज बोलता. चार वाजता भाजीला उतरता तेव्हा काका इथेच असतात ना?"

"असतात."

"तेव्हा किती वेळ बसता?"

मी काकांकडे बघितलं. म्हटलं हा माणूस तरी माझी बाजू घेईल. ह्याच्यासाठी मी तीन दिवस दाताच्या मागे हिंडले. काकांनी सुईवरची नजरसुद्धा उचलली नाही. "तेव्हा वहिनी कधी बसल्याचं आठवत नाही," म्हणाले. "हात करतात लांबूनच."

"तेव्हा घाई असते," मी म्हटलं.

"भाजी आणायची घाई असते, आणि आणलेली भाजी वर न्यायची नसते?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. एक पाण्याची टाकी होती. ती बराच वेळ बघितली.

मग म्हटलं, "ही पिशवी धरा आणि चला वर. फार बोलता तुम्ही."

त्याने पिशवी घेतली, पण आधी कानावरची पेन्सिल काढली आणि पॅडवर एक खूण केली. कोणत्या रकान्यात, ते मी विचारलं नाही.